पहिला पीस: वाघेरा घाटाच्या अलीकडचा एक शनिवार

या ब्लॉगवर आठ महिने काही आलं नाही. दोनचार जणांनी विचारलं, त्यांना मी ‘कामाचा लोड आहे, वेळच मिळत नाही’ असं ठोकून दिलं. वेळ भरपूर होता. लिहायचं हेच होतं आणि हे लिहिता येत नव्हतं. नेहमीसारखा रस्ता, खाणं, खर्च सगळं सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो की ही सहल बिघडली आणि ती मी बिघडवली.

आम्ही तिघं. मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे. पत्रा दाबायच्या डाय बनवणं आणि बिघडल्या की दुरुस्त करणं हे माझं काम. पंकज त्याच टूलरूमचा, मला दोन वर्षं सीनियर. शैलेशचा जवळच वेल्डिंगचा गाळा आहे. अंबडला आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, त्यामुळे सगळं नाशिक कामावर निघतं तेव्हा आम्ही सायकली घेऊन डोंगराकडे निघतो. आमचा प्रकार फ्रीराइडचा. शर्यत नाही, घड्याळ नाही. डोंगराचा एखादा बरा उतार शोधायचा, त्यावर आपणच दगडमातीचे रॅम्प रचायचे आणि उड्या मारत खाली यायचं. पंकजची बायको वैशाली याला ‘पडायला जाणं’ म्हणते. ‘आज कुठे पडायला चाललात?’ असं ती दर शनिवारी विचारायची.

आमचा एकच नियम होता आणि तो कारखान्यातून आलेला. मशीनची सेटिंग ज्याने बदलली, त्यानेच पहिला पीस काढायचा आणि तपासायचा. तो बरोबर निघाल्याशिवाय दुसऱ्याच्या हातात मशीन द्यायचं नाही. टेकडीवरही तेच: रॅम्पला ज्याने हात लावला, पहिली उडी त्याची. पंकज याबाबतीत फार कडक. एकदा शैलेशने नुसता एक दगड सरकवला होता, तरी त्याला आधी पाठवलं होतं.

त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी मी हाफ डे टाकून एकटाच टेकडीवर गेलो आणि मोठ्या रॅम्पचं टोक चार बोटं उंच केलं.

कारण सांगतो, ते फार थोर नाही. दिवाळीच्या आधी त्याच रॅम्पवर माझी उडी तोकडी पडली होती. मागचं चाक दरडीच्या काठावर आपटलं, रिम वाकली आणि मी गवतात गडगडत गेलो. शैलेशने त्याचा व्हिडिओ काढला, वर गाणं घातलं आणि तो कारखान्याच्या ग्रुपवर फिरला. कँटीनमधला वाढपीसुद्धा मला बघून हसायचा. माझ्या डोक्यात बसलं की चूक माझी नाही, रॅम्पची आहे. टोकाला उठाव कमी पडतो. टूलरूमचा माणूस, हात शिवशिवणारच. फावड्याने माती चढवली, पाणी मारून चोपली आणि नवी दिसू नये म्हणून वर सुकं गवत आणि जुनी धूळ पसरली. ती धूळ का पसरली, याचा विचार मी आठ महिने केलाय. मला गुपचूप एक चांगली उडी मारून दाखवायची होती. आधी मी उडणार, नीट उतरणार आणि मग सांगणार, असं ठरवलं होतं. नियमही पाळला जाईल आणि माझं हसंही थांबेल.

शनिवारी सकाळी साडेपाचला शैलेशची पिकअप सिडकोत माझ्या गल्लीच्या तोंडाशी आली. मागे तिन्ही सायकली आडव्या बांधलेल्या, खाली जुन्या गाद्या. गंगापूर रोडने गिरणारे, तिथून वाघेरा घाटाच्या दिशेने. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, पण सव्वा तास धरा, कारण गिरणाऱ्याला टोमॅटोच्या गाड्यांची गर्दी लागते. क्रेट भरलेल्या पिकअप रस्ता अडवून उभ्या असतात आणि चौकात पेठ-हरसूलकडून मजुरीला आलेली माणसं डबे घेऊन थांबलेली असतात. आमची गाडी हळू झाली की त्यातले चारपाच जण धावत येतात, त्यांना वाटतं माणसं न्यायला आलोय. मागे सायकली दिसल्या की परत फिरतात. मला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं, पण गाडी पुढे गेली की विसरायचो.

मिसळ गिरणाऱ्याच्या पुढच्या हॉटेलात खाल्ली. पत्र्याची शेड, रस्सा झणझणीत, पाव ताजा. तिघांचे चहासकट तीनशेच्या आत होतात. तिथे सांगायची संधी होती. मी तोंड उघडलंही.

“रॅम्पबद्दल एक...”

“तू रॅम्पबद्दल बोलू नको,” शैलेश म्हणाला, “तू गवताबद्दल बोल. गवताचा तुला दांडगा अनुभव.”

पंकज हसता हसता ठसकला. मी पण हसलो आणि तर्री मागवली. तेव्हा मान खाली घालून सांगितलं असतं तर आणखी पाच मिनिटं हसले असते, इतकंच झालं असतं.

टेकडी रस्त्यापासून आत आहे. डांबरी सोडली की एका पाड्यापर्यंत कच्चा रस्ता जातो, तिथे काशिनाथकाकांच्या अंगणात गाडी लावायची. काका साठीचे, भात आणि नागलीची शेती. भात निघाल्यावर घरातली पोरं द्राक्षाच्या कामाला खाली जातात, मग घरी काका आणि काकूच. गाडीचे ते काही घेत नाहीत, म्हणून आम्ही चहापावडर आणि साखर न्यायचो. तिथून सायकली ढकलत वर जायला पाऊण तास लागतो. जाणार असाल तर दोन लिटर पाणी घ्या, वर काही नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. गुडघ्याचे, कोपराचे पॅड आणि तोंड झाकणारं हेल्मेट घ्याच. हे मी आधीही प्रत्येक पोस्टमध्ये लिहायचो. स्वतःला फार जबाबदार समजायचो.

नोव्हेंबर संपत आलेला. गवत पिवळं पडलेलं, आणि पश्चिमेकडून वारा चांगलाच लागत होता. वरच्या दोन लहान उड्या तिघांनी मारल्या, काही त्रास नाही. मोठा रॅम्प त्याच्या खाली आहे. एका आंब्यापासून सरळ उतार सुटतो, त्याच्या शेवटी दरड, दरडीच्या काठावर रॅम्प आणि पलीकडे पंधरा फुटांवर उतरायची जागा. आंब्यापासून चार पॅडल मारायचे आणि मग पाय स्थिर ठेवायचे, हे गणित पंकजने बसवलं होतं. तो मोठ्याने मोजायचा, ‘एक, दोन, तीन, चार, बस.’ त्याचं ‘बस’ ऐकलं की खाली कॅमेरा घेऊन उभा असलेला शैलेश तयार व्हायचा.

उडी मारायच्या आधी एकाने खाली चालत जाऊन रॅम्प बघून यायचा, दगड वगैरे आलेत का म्हणून. त्या दिवशी ‘मी जातो’ म्हणालो. जाऊन माझंच काम बघितलं. बुधवारी संध्याकाळी ते ठीक वाटलं होतं. सकाळच्या उन्हात ते टोक भिंतीसारखं उभं दिसत होतं. चार बोटं म्हणजे काय, हे मला रोज मायक्रोमीटर हातात धरून कळायला हवं होतं. उंची चार बोटंच वाढली होती, पण ती अगदी शेवटच्या हातभर भागात, म्हणजे तिथला चढ एकदम उभा झाला होता. असा उभा चढ मागच्या चाकाला लाथ मारल्यासारखा वर फेकतो. सायकल हवेत नाकावर जाते. हे मला तिथे, उभ्या उभ्या समजलं.

मी वर आलो. पंकजने विचारलं, “काय रे, ठीके ना?”

“बघून आलोय. ठीक आहे.”

फावडं गाडीत होतं. पाऊण तास खाली, पाऊण तास वर, टोक छाटायला दहा मिनिटं. एवढंच.

मी आंब्याखाली उभा राहिलो. पहिला पीस माझा होता. हेल्मेटचा पट्टा लावला, काढला, परत लावला. खालून शैलेश ओरडला, “अरे चल ना! गवत वाट बघतंय!” मी हलेना. मग पंकज सायकल घेऊन माझ्या शेजारी आला. मागच्या वेळी मी पडलो म्हणून घाबरलोय, असं त्याला वाटलं. तो हळूच म्हणाला, शैलेशला ऐकू जाणार नाही असं, “मी टाकू का आधी? माझी बघ आणि मग ये.”

मी सायकल बाजूला घेतली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो, त्याला जमेल, असं मनाला सांगितलं. त्याने वाऱ्याकडे तोंड केलं, “समोरून येतोय, जोर जास्त लागेल,” असं पुटपुटला आणि निघाला. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा. बस.

सायकल टोकावरून सुटली तेव्हाच मागचं चाक वर फेकलं गेलं. तो हँडलवरून पुढे गेला. उतरायच्या जागेच्या वरच्या काठावर आधी पाठ आपटली, मग सायकल त्याच्यावरून उडून गेली. आवाज फार मोठा झाला नाही. शैलेश ‘ए पंक्या’ म्हणत धावला. त्याला वाटलं आता शिव्या ऐकू येतील.

पंकज शुद्धीवर होता. कारखान्यात फर्स्ट एडचं ट्रेनिंग आम्ही दोघांनी बरोबर केलेलं, आणि तिथे पडल्या पडल्या तोच सूचना देत होता. “हेल्मेट काढू नका. मला वळवू नका. पाठ सरळ ठेवा.” मग थोडं थांबून म्हणाला, “माझे पाय सरळ आहेत का वाकलेत? मला कळत नाहीये.”

पाय सरळ होते. मी त्याचा बूट दाबून धरला होता आणि त्याला ते कळत नव्हतं.

शैलेश रेंज शोधत वरच्या सुळक्याकडे पळाला आणि मी पाड्याकडे. काशिनाथकाकांनी ऐकून घेतलं आणि दोन हाका मारल्या, त्यासरशी शेजारच्या घरांतून सहाजण गोळा झाले. एकाने घोंगडी आणि बांबू काढला. पाड्यावरून आजारी माणूस रस्त्याला न्यायचा तो झोळीतून, त्यांची तीच पद्धत. मी म्हणालो की पाठीला लागलंय, वाकवून चालणार नाही, सपाट फळी पाहिजे. फळी कुणाकडे नव्हती. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि मग स्वतःच्या घराचं दार बिजागरीतून उपसायला लागले.

“काका, घराचं दार...”

“मंग काय झालं? धर तिकून,” ते म्हणाले. “दार काय, मागून बी लागंल.”

सागवानी फळ्यांचं दार, दोन माणसांना पेलवेल इतकं जड. ते वर नेलं, सगळ्यांनी मिळून पंकजला एका लाकडासारखं सरळ त्यावर सरकवलं आणि घोंगडीच्या पट्ट्यांनी बांधलं. खाली यायला दीड तास लागला. पायवाट एका माणसाची, त्यामुळे पुढचे मागे बघत आणि मागचे पुढच्याच्या टाचा बघत चालत होते. पंकज आभाळाकडे तोंड करून बांधलेला. एका जागी दार तिरकं झालं तेव्हा तो ओरडला, तेवढाच. बाकी पूर्ण वाटेत तो एकच गोष्ट बोलत होता.

“दोन जास्त मारले मी. चारच मारायचे होते. दोन जास्त मारले.”

मी दाराचा उजवा कोपरा धरून त्याच्या डोक्याशी चालत होतो. ऐकत होतो.

ॲम्ब्युलन्स डांबरीवर भेटली. तिच्यातल्या माणसाने उचलायचं नको म्हणून त्याला दारासकटच आत घेतलं. नाशिकला हॉस्पिटलात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. वैशालीला फोन मी केला. तिने सगळं ऐकून विचारलं, “हेल्मेट घातलेलं ना?” मी हो म्हणालो. “मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि तिचा आवाज थोडा मोकळा झाला.

कमरेच्या वरचा एक मणका फुटला होता. ऑपरेशन त्याच रात्री झालं. डॉक्टर म्हणाले, नस तुटलेली नाही, दबलेली आहे. किती परत येईल ते महिने जातील तसं कळेल. बाहेर कॉरिडॉरच्या भिंतीला ते दार टेकवून ठेवलं होतं. वॉचमन दोनदा येऊन विचारून गेला, हे दार कुणाचं?

पुढच्या शनिवारी शैलेश आणि मी दार परत द्यायला गेलो. शैलेशने गाळ्यात नव्या बिजागऱ्या बनवल्या होत्या. आठवडाभर काकांच्या घराच्या चौकटीला काकूंचं जुनं लुगडं लावलेलं होतं. “कुत्री शिरायची, बाकी काय नाय,” काका म्हणाले. शैलेश स्क्रू आणायला गाडीकडे गेला. मी दार उचलून धरलं होतं आणि काका खिळ्याने खुणा करत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं,

“त्या बुधवारी तूच व्हता ना वर? फावडं घिऊन. म्या गवत कापीत व्हतो.”

“हो.”

“मंग त्याला म्हाइत हाय का?”

“नाही.”

त्यांनी पुढची खूण केली. “धर नीट,” म्हणाले, “हलतंय.”

शैलेश स्क्रू घेऊन आला. दार लागल्यावर मी फावडं घेऊन वर गेलो आणि रॅम्प पायापर्यंत उकरून काढला. शैलेशला वाटलं मी रागाने करतोय. तोही आला, दगड दरडीखाली ढकलायला लागला आणि रडला. त्यामुळे या पोस्टच्या भरवशावर कुणी तिकडे गेलात तर मोठी उडी आता तिथे नाही. वरच्या दोन लहान पावसात वाहून गेल्या असतील.

आठ महिने झाले. पंकज वॉकर धरून घरातल्या घरात चालतो. डावा पाय उचलतो, उजवं पाऊल घासत येतं. घर दुसऱ्या मजल्यावर, म्हणून ते आता तळमजल्यावर भाड्याने राहतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुसरी पाळी मागून घेऊन त्याला फिजिओथेरपीला मी नेतो. सगळे म्हणतात, मित्र असावा तर असा. वैशाली मला डबा देते. आणि गाडीत दर वेळी, कधी फ्लायओव्हरवर तर कधी सिग्नलला, तो स्वतःच विषय काढतो. चारच मारायचे होते. वाऱ्याचा अंदाज चुकला. शैलेशने काढलेल्या त्या उडीच्या व्हिडिओची एकेक फ्रेम त्याने थांबवून बघितली आहे आणि स्वतःच्या पायांत चूक शोधली आहे. मागच्या महिन्यात म्हणाला, “वैशाली म्हणायची पडायला जातोस. मी स्वतःच्या हाताने केलं रे हे.” मी गिअर बदलला.

त्या रात्री हे लिहायला बसलो. इथवर लिहून झाल्यावर, गेल्या मंगळवारी फिजिओवरून आल्यावर, त्याला म्हणालो की ब्लॉगचं लिहिलंय, टाकायच्या आधी ऐक. तो खूश झाला. कॉटवर बसला, वॉकर बाजूला. वैशाली आत होती. मी मोबाइलवरून वाचायला लागलो. गवताच्या विनोदाला तो हसला. बुधवारचा भाग त्याच्याआधी येतो, पण तो मी पहिल्यांदा भरकन वाचला होता आणि त्याच्या बहुतेक नीट लक्षात आला नव्हता. ‘बघून आलोय, ठीक आहे’पाशी त्याचं हसू गेलं. पुढचं सगळं त्याने मान खाली घालून ऐकलं.

वाचून झालं. आत कुकरची शिट्टी झाली.

“बुधवारचं परत वाच,” तो म्हणाला. “सावकाश.”

मी सावकाश वाचलं. चार बोटं, पाणी, सुकं गवत, धूळ.

त्याने उजवं पाऊल हाताने सरळ केलं. मग म्हणाला, “म्हणजे ते सहा बरोबर होते.”

“हो.”

“समोरून वारा होता. जुन्या टोकाला सहाच लागले असते.”

“हो. तुझं बरोबर होतं.”

त्याने मान हलवली, मशीनवरून उतरलेला पीस हातात घेऊन बघताना हलवतो तशी. मी माफी मागितली. ती त्याने ऐकली की नाही मला माहीत नाही. पोस्ट टाकू नको म्हणालास तर टाकणार नाही, असं म्हणालो.

“टाक. काही गाळू नको,” तो म्हणाला. “आणि वैशालीला मी सांगतो, तू आता जा.”

मी चपला घातल्या. दारातून विचारलं, “शुक्रवारी नेहमीच्या वेळी येऊ ना?”

“शैलेशला सांगतो मी,” तो म्हणाला.

शुक्रवारी शैलेशने त्याला नेलं. मी पहिल्या पाळीला कामावर गेलो.